वसंतातल्या सकाळी स्थलांतरी गाणारे पक्षी पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बरेचसे प्रश्न नव्या मंडळींचे आहेत, काही मुरलेल्यांचेही. उत्तरं देताना उत्तर गोलार्धातला वसंत डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण गाणाऱ्या पक्ष्यांचं सगळ्यात मोठं स्थलांतर तिथेच घडतं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सकाळी झाडावर दिसणारा स्थलांतरी पक्षी बहुधा रात्रभर उडून नुकताच उतरलेला असतो आणि त्याला सपाटून भूक लागलेली असते. केव्हा जायचं, कुठे थांबायचं, किती जवळ जायचं, अशा बऱ्याच प्रश्नांची उत्तरं त्या भुकेतूनच निघतात.

गाणारे पक्षी म्हणजे नेमके कोण?

वटवटे, माशीमार, कस्तूर, हळद्या, धोबी, तीरचिमण्या, भारीट, चंडोल, भिंगऱ्या ही सगळी मंडळी. शास्त्रज्ञ हा गट स्वरयंत्राच्या स्नायूंवरून ठरवतात, गळ्याच्या गोडव्यावरून नाही. त्या हिशेबाने कावळाही गाणारा पक्षी ठरतो, हे ऐकून बऱ्याच जणांचा विरस होतो.

वसंतातच एवढी धांदल का? परतीच्या वेळीही पक्षी जातातच की.

जातात, आणि संख्येने जास्त जातात, कारण त्या वर्षीची पिल्लंही सोबत असतात. पण तेव्हा पिसं मळकट झालेली असतात, पिल्लांचे रंग गोंधळात टाकणारे असतात आणि बहुतेक सगळे गप्प असतात. वसंतात नर विणीच्या पिसाऱ्यात असतात आणि वाटेतल्या मुक्कामीसुद्धा गातात. ओळखायला यापेक्षा सोपा काळ नाही.

दुसरं कारण घाईचं. चांगली जागा आधी पटकावणाऱ्या नराला जोडीदार मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून बऱ्याच जातींत नर पुढे येतात आणि माद्या काही दिवसांनी. उत्तरेचा व्हीटइयर हा जेमतेम २५ ग्रॅमचा पक्षी अलास्कात वीण करतो आणि हिवाळा पूर्व आफ्रिकेत काढतो. एका बाजूचं अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर. जाताना त्याला साधारण तीन महिने लागतात, वसंतात परतताना दोन महिन्यांपेक्षा कमी. त्यामुळे एखाद्या ठिकाणी वसंताचा बहर फार थोडे दिवस टिकतो. 'पुढच्या आठवड्यात जाऊ' म्हणणाऱ्यांच्या हाती बहुतेकदा काही लागत नाही.

नेमका काळ कोणता?

तुम्ही कोणत्या अक्षांशावर आहात त्यावर ठरतं. दक्षिण आशियात हिवाळा काढलेले शंकर, वटवटे आणि भोरड्या मार्च-एप्रिलमध्ये निघतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या समशीतोष्ण पट्ट्यात एप्रिलची अखेर ते मेचा मध्य हा ऐन भराचा काळ. पण सगळे एकदम येत नाहीत. चिफचॅफ हा छोटा वटवट्या मुख्यतः भूमध्य समुद्राच्या आसपास हिवाळा काढतो, म्हणून तो मार्चमध्येच युरोपात हजर होतो. ठिपकेवाला माशीमार सहाराच्या पलीकडून येतो आणि उडते किडे पकडून खातो. हवा चांगली तापल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही, म्हणून तो मेमध्ये उगवतो.

लवकर येणाऱ्यांचा एक फायदा असा की झाडांना अजून पानं फुटलेली नसतात आणि पक्षी उघड्यावर दिसतात. मेच्या उत्तरार्धात तीच झाडं हिरवी गच्च होतात. मग आवाज येत राहतो आणि पक्षी काही दिसत नाही.

सकाळी किती वाजता पोहोचायचं?

सूर्योदयाच्या थोडं आधी. पहिले दोन-तीन तास सगळ्यात चांगले. रात्रभर जाळलेली चरबी भरून काढायची असल्यामुळे पक्षी झपाट्याने खात असतात, सतत हलत असतात आणि मधूनमधून गातातही. दहाच्या सुमारास सगळं मंदावतं.

याला दोन अपवाद ठाऊक असू द्यावेत. कडाक्याच्या थंड सकाळी किडे उशिरा हलू लागतात, म्हणून पक्षीही उशिरा दिसतात. तेव्हा पहाटे जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. दुसरा अपवाद समुद्र ओलांडून येणाऱ्यांचा. मेक्सिकोच्या आखाताच्या दक्षिणेकडून तिन्हीसांजेला निघालेले पक्षी आखात पार करून टेक्सासच्या किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला पोहोचतात. त्यामुळे तिथल्या हाय आयलंडसारख्या जागी जाणकार दुपारच्या जेवणानंतर बाहेर पडतात.

हे पक्षी रात्री का उडतात?

एकाच कारणाने नाही. रात्रीची हवा थंड आणि स्थिर असते. पंख मारून शरीर तापतं, ते थंड ठेवायला कमी पाणी खर्च होतं आणि वाऱ्याच्या उलटसुलट झोतांशी झगडावं लागत नाही. ससाणे आणि शिक्रे झोपलेले असतात. शिवाय दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. किडे टिपणाऱ्याला उजेड लागतो, उडणाऱ्याला तो लागतोच असं नाही.

सूर्य मावळल्यावर अर्ध्या ते एक तासात पक्षी उठतात आणि पहाटेच्या सुमारास उतरतात. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फार काळ लोकांना त्याचा आवाका कळला नव्हता. १९४० च्या दशकात जॉर्ज लोअरी या अमेरिकी शास्त्रज्ञाने पूर्ण चंद्रावर दुर्बीण रोखून त्यावरून सरकणाऱ्या पक्ष्यांच्या सावल्या मोजायला सुरुवात केली. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये रडारवर उमटणाऱ्या गूढ ठिपक्यांनी सैनिक चक्रावले होते. रडार पक्षीही टिपतं, हे डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलं. चंद्राचा प्रयोग आजही करता येतो. पौर्णिमेच्या आसपास स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) लावून बसायचं आणि धीर धरायचा.

दिवसा प्रवास करणारेही आहेत. भिंगऱ्या उडता उडताच खातात, त्यांना थांबायचं कारण नाही. धोबी, तीरचिमण्या, चंडोल आणि भोरड्यांचे थवेही दिवसा जाताना दिसतात. त्यांच्यासाठी झाडीत मान वर करून उभं राहण्यापेक्षा मोकळ्या माळावर किंवा किनाऱ्यावर आकाशाकडे बघावं.

कोणती सकाळ चांगली, हे आदल्या रात्री कसं ओळखायचं?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि नवे लोक तो क्वचितच विचारतात. ते रविवार बघून जातात. पक्ष्यांना रविवार कळत नाही, वारा कळतो.

वसंतात बहुतेकांना उत्तरेकडे जायचं असतं, म्हणून दक्षिणेचा उबदार वारा सुटला की मोठ्या संख्येने पक्षी उठतात. समोरून जोराचा उत्तरवारा असेल तर ते आहेत तिथेच थांबतात. एवढं समजलं की हवामानाचा अंदाज वाचण्याची नजर बदलते.

पण इथे एक गंमत आहे. रात्रभर दक्षिणवारा आणि आकाश निरभ्र असेल तर पक्षी तुमच्या डोक्यावरून पुढे निघून जाण्याचीही शक्यता असते. तुम्हाला हवी असते ती अर्धवट बिघडलेली रात्र: संध्याकाळी दक्षिणवारा, आणि मध्यरात्रीनंतर पाऊस किंवा वाऱ्याने फिरवलेली दिशा. वाटेत अडलेले पक्षी मग मिळेल तिथे खाली उतरतात. याला निरीक्षकांच्या बोलीत 'फॉलआउट' म्हणतात. अशा सकाळी एकाच झुडपात चार-पाच जातींचे वटवटे दिसू शकतात, काही तर थकून जमिनीवरच बसलेले असतात. आपल्यासाठी ती मेजवानी असली तरी त्यांच्यासाठी ते संकट आहे, समुद्रावरून आलेल्यांसाठी तर फारच. त्या दिवशी दोन पावलं मागे राहिलात तर बरं.

सलग दोन-तीन दिवस उत्तरवारा किंवा पाऊस राहून मग वारा फिरला, तर त्या पहिल्या रात्री अडकलेले सगळे एकदम निघतात. तीही रात्र लक्षात ठेवावी. अमेरिकेत कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजीचा बर्डकास्ट हा उपक्रम हवामानाच्या रडारवरून रात्री किती पक्षी उडत आहेत याचा अंदाज रोज देतो. जिथे अशी सोय नाही तिथे वाऱ्याचा साधा नकाशा आणि थोडा तर्क पुरतो.

कुठे उभं राहू?

जिथे ऊन आधी पडतं तिथे. झाडीची पूर्वेकडची कड सकाळी सगळ्यात आधी तापते, तिथले किडे आधी जागे होतात, आणि भुकेला पक्षी तिथेच येतो. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवा, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतील. ओढ्याकाठची झुडपं, तळ्याच्या कडेची वेतासारखी झाडं, नुकती मोहरलेली किंवा कोवळ्या पालवीची झाडं याही चांगल्या जागा. ओकसारख्या झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक अळ्या असतात आणि वटवट्यांना ते नेमकं माहीत असतं.

त्या भागात कायमचे राहणारे टिट वगैरे पक्षी थव्याने फिरत असतील तर त्यांच्या मागे लागा. खाणं कुठे आहे आणि घुबड कुठे बसलंय, हे त्यांना ठाऊक असतं. पाहुणे त्यांच्यातच मिसळतात.

मोठ्या प्रमाणावर बघायचं तर ज्या जागी चारी बाजूंना पक्ष्यांच्या उपयोगाचं काही नाही, तिथे जावं. उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड बेट, ईरी सरोवरात घुसलेलं कॅनडातलं पॉइंट पीली हे टोक, सहारा आणि सिनाई पार करून येणाऱ्यांना हिरवळ देणारं इस्रायलमधलं ऐलात ही त्यातली नावाजलेली नावं. शहरातली बागही हेच काम करते. चहूकडे इमारती असलेल्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २०० हून जास्त जातींची नोंद आहे.

आणि एकदा जागा निवडली की फिरू नका. पंधरा-वीस मिनिटं एका ठिकाणी शांत उभं राहणाऱ्याला भटकणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं, हे मी कोणाशीही वाद घालून सांगायला तयार आहे.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८ × ४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० पटीची दुर्बीण ऐकायला भारी वाटते, पण तिच्यातून दिसणारा परिसर सहसा अरुंद असतो आणि हाताचा कंपही जास्त जाणवतो. क्षणभर न थांबणाऱ्या वटवट्यासाठी रुंद दृश्य जास्त कामाचं. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे कप खाली करता येतात का ते पाहा, आणि दोन मीटरपर्यंतच्या वस्तूवर फोकस होतो का तेही पाहा. बाकी ब्रँडची चर्चा पाऊस पडत असताना करावी.

पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसतो, दुर्बिणीत मात्र सापडत नाही. काय करू?

नजर पक्ष्यावरून काढायची नाही. डोळे तिथेच खिळवून दुर्बीण वर उचलून डोळ्यांसमोर आणायची. बहुतेक जण आधी खाली दुर्बिणीकडे बघतात आणि तिथेच चुकतात. एखाद्या स्थिर फांदीवर सराव करा, दोन-चार दिवसांत हात बसतो. दुसऱ्याला जागा दाखवताना 'तिकडे, तिकडे' म्हणू नये. झाडाला घड्याळाची तबकडी समजून 'दोन वाजता, खोडापासून अर्ध्यावर' असं सांगावं.

सगळे वटवटे सारखेच दिसतात.

काही खरंच सारखे असतात, त्यात तुमचा दोष नाही. रंगाच्या मागे लागण्याआधी आकार, चोच आणि वागणं बघा. झाडाच्या शेंड्यावर पानापानांत धडपडतोय, की खोडावर चढतोय, की एका फांदीवरून उडून पुन्हा त्याच फांदीवर येतोय? परत त्याच जागी येणारा बहुधा माशीमार. शेपटी सतत खालीवर हलवणारा जमिनीवर असेल तर धोबी किंवा तीरचिमणी. त्यानंतर चेहरा: भुवईची रेघ, डोळ्याभोवतीचं वर्तुळ, पंखावरचे पट्टे.

दहा जाती अर्धवट बघण्यापेक्षा तीन जाती नीट बघाव्यात. न ओळखलेला पक्षी 'वटवट्या, जात अनिश्चित' असा लिहून सोडून देता येणं ही मुरलेल्या निरीक्षकाची खूण आहे.

आवाजावरून ओळखणं जमेल का? अ‍ॅप वापरलं तर चालेल?

जमेल, आणि पालवी फुटल्यावर त्याशिवाय गत्यंतर नाही. १८ व्या शतकात गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज पाद्र्याने एकाच जातीचे समजले जाणारे तीन हिरवट वटवटे गाण्यावरून वेगळे काढले. त्यातल्या दोघांची जोडी आजही नवशिक्यांची परीक्षा घेते: चिफचॅफ आपलंच नाव ठेक्यात घोकत राहतो, आणि विलो वॉर्बलर वरच्या सुरातून हळूहळू उतरत येणारी तान घेतो. दिसायला दोघे भाऊ शोभावेत असे.

मर्लिनसारखं आवाज ओळखणारं अ‍ॅप वापरायला माझी हरकत नाही, पण ते सुचवतं आणि तुम्ही पडताळायचं, हा क्रम सोडू नका. नकला करणारे पक्षी अ‍ॅपलाही फसवतात. वय वाढतं तसे उंच पट्टीतले स्वर ऐकू येईनासे होतात, तेव्हा तरुण सोबती बरोबर असलेला बरा.

आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून पक्षी जवळ बोलवावा का?

नाही. रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याने खायचं सोडून अस्तित्वात नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला यावं, यात त्याचा नुसता तोटा आहे.

फोटो काढायचे असतील तर?

काढा, पण फ्लॅश नको आणि पाठलाग नको. तुमच्यामुळे तो खायचा थांबला तर तुम्ही जास्त जवळ गेला आहात.

मान फार दुखते.

उतारावर उभे राहा, म्हणजे खालच्या झाडांचे शेंडे डोळ्यांच्या पातळीत येतात. नाहीतर सरळ पाठीवर आडवे व्हा. लोक बघतील, बघू देत.

एवढ्या लांबचा रस्ता त्यांना सापडतो कसा?

एका उत्तरात न मावणारा प्रश्न. त्यांच्याकडे एक नाही, बरीच साधनं आहेत. १९६० च्या दशकात स्टीफन एम्लेन यांनी इंडिगो बंटिंग या पक्ष्यांना तारांगणात ठेवलं. ज्या पिल्लांना ध्रुवाऐवजी मृग नक्षत्रातल्या काक्षीभोवती फिरणारं आकाश दाखवलं, त्यांनी काक्षीलाच उत्तर मानलं. म्हणजे तारे पाठ नसतात. कोणता बिंदू स्थिर आहे हे पिल्लं स्वतः बघून शिकतात. जर्मनीत वोल्फगांग विल्टश्को यांनी त्याच काळात रॉबिन पक्ष्यांवर प्रयोग करून चुंबकीय होकायंत्र दाखवून दिलं. ते शरीरात नेमकं कुठे आहे यावर अजून काम चालू आहे. डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनावर बऱ्याच संशोधकांचा भर आहे.

दिशा कळणं आणि ठिकाण कळणं या मात्र वेगळ्या गोष्टी. डच संशोधक ए. सी. पर्डेक यांनी हेग इथे स्थलांतरात पकडलेले हजारो स्टार्लिंग पक्षी विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन सोडले आणि १९५८ मध्ये निष्कर्ष मांडले. आधी प्रवास केलेले प्रौढ पक्षी दिशा दुरुस्त करून नेहमीच्या मुक्कामाकडे गेले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं जन्मजात दिशेने सरळ जात राहिली आणि फ्रान्सचा दक्षिण भाग, स्पेन अशा भलत्याच ठिकाणी पोहोचली. वसंतात तुमच्यासमोर येणारा पक्षी निदान एकदा हा रस्ता पार केलेला असतो.

हवामान बदलाचा परिणाम दिसतो का?

दिसतो. नेदरलँड्समध्ये क्रिस्टियान बोट आणि मार्सेल व्हिसर यांनी २००१ मध्ये दाखवलं की झाडांवर अळ्यांचा हंगाम अलीकडे सरकला, पण आफ्रिकेतून येणारे काळेपांढरे माशीमार पूर्वीच्याच वेळी येत होते. दिवसाची लांबी बघून निघणाऱ्याला दूरवर वसंत लवकर आल्याचं कसं कळणार? आल्यावर ते अंडी लवकर घालू लागले, तरी ती घाई पुरेशी पडली नाही. अळ्यांचा हंगाम सगळ्यात लवकर येणाऱ्या भागांत त्यांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचं पुढच्या अभ्यासात आढळलं.

म्हणूनच तुमची साधी नोंद महत्त्वाची आहे. तारीख, वेळ, जागा, किती पक्षी, एवढं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. २००२ पासून जगभरातल्या अशा नोंदी तिथे जमत आहेत. 'आज काही विशेष नाही' ही नोंदही हवी असते, कारण आगमनाची तारीख त्यावरूनच पक्की होते.

रात्रीचे दिवे आणि काचा यांचा खरंच एवढा त्रास होतो?

होतो. उजळलेल्या इमारती रात्री पक्ष्यांना खाली ओढतात आणि सकाळी त्याच इमारतींच्या काचांत त्यांना आकाश आणि झाडं दिसतात. एकट्या अमेरिकेत काचांवर आदळून दर वर्षी ३६ कोटी ते ९९ कोटी पक्षी मरतात, असा २०१४ चा अंदाज आहे. स्थलांतराच्या आठवड्यांत रात्री अनावश्यक दिवे बंद ठेवा. काचेच्या बाहेरच्या बाजूने साधारण पाच सेंटिमीटर अंतरावर ठिपके किंवा रेघा लावा. ससाण्याचं एकच चित्र चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या शेजारून जायला बघतो.

आदळून पडलेला पक्षी जिवंत असेल तर काय करावं?

अलगद उचलून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, तळाशी मऊ कापड किंवा टिश्यू पेपर. झाकण बंद करून खोकं अंधाऱ्या, शांत, फार गरम नसलेल्या जागी ठेवा. पाणी पाजू नका, खायला घालू नका, सारखं उघडून बघू नका. तास-दोन तासांनी बाहेर झाडीजवळ नेऊन झाकण काढा. उडाला तर ठीक. नाही उडाला, किंवा पंख लोंबत असेल, तर वन्यजीव उपचार केंद्राला फोन करा आणि सापडल्याची जागा आणि वेळ सांगा.